‘ळ’चा खण

ही वही माझी नाही. शाळेच्या ग्रंथालयाची आहे. शाळेने ती रद्दीत काढली तेव्हा मी विचारून घरी आणली. पुढची पानं भरलेली आहेत, मागची बरीच कोरी आहेत. त्या कोऱ्या पानांवर हे लिहिते आहे.

आताच्या ग्रंथपालबाई परवा घरी आल्या होत्या. शाळेच्या दिवाळी अंकात जुन्या कर्मचाऱ्यांच्या आठवणी छापायच्या आहेत, तुम्हीही लिहा, म्हणाल्या. मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही, चहा दिला. नाही म्हणायलासुद्धा बोलावं लागतं, आणि बोलणं माझ्या जिवावर येतं. लिहिणं तेवढं येत नाही. चौथीपर्यंत शिकले आहे, आणि पुढची सव्वीस वर्षं पुस्तकांची धूळ झटकली आहे. धुळीबरोबर थोडं आत गेलंच असेल. अंकाला देईन की नाही ते लिहून झाल्यावर बघू.

माझ्या नोकरीचं कागदावरचं नाव ‘ग्रंथालय परिचर’. शाळेत मला ‘लायब्ररीतली बाई’ म्हणत. नागपुरात गांधीबागेच्या मागच्या अंगाला आमची मुलींची शाळा होती, तिच्या वरच्या मजल्यावर टोकाला ग्रंथालय. नवरा गिरणीत होता, मुलं लहान होती, तेव्हा मला ही नोकरी लागली. लोकांना वाटतं यात काय काम असतं? पुस्तक द्यायचं, पुस्तक घ्यायचं. तसं नसतं. नवं पुस्तक आलं की आधी त्याचं पान न् पान मोजायचं, मग आत खळीने कागदी खिसा चिकटवायचा, पाठीवर नंबर लिहायचा. शिक्का पहिल्या पानावर तर मारायचाच, पण आणखी एक आतल्या एका ठरलेल्या पानावर मारायचा. कोणत्या, ते मी अजूनही सांगणार नाही. पहिलं पान फाडून पुस्तक आपलं म्हणणारे खूप असतात. आतलं पान त्यांना माहीत नसतं. एकदा एका सरांच्या घरून आलेलं पुस्तक बाईंनी त्या पानावर उघडून फक्त टेबलावर ठेवलं होतं. सर खाली गेले आणि दुसऱ्या दिवशी आणखी चार पुस्तकं घेऊन आले.

बाई म्हणजे मोहरीलबाई, आमच्या ग्रंथपाल. उंच, सावळ्या, पांढरी सुती साडी, नाकावर खाली घसरलेला चष्मा. लग्न केलेलं नव्हतं, महाल वस्तीत म्हाताऱ्या वडिलांना घेऊन राहत. सगळी शाळा मला ‘ए कौसल्या’ म्हणे, मोठ्या बाई म्हणजे हेडमास्तरीणबाईसुद्धा. मोहरीलबाई पहिल्या दिवसापासून ‘कौसल्याबाई, तुम्ही’ म्हणाल्या. पहिले आठ दिवस मी मागे वळून बघत असे, कोणाला हाक मारली म्हणून.

ग्रंथालयात एक मोठी कार्डपेटी होती. लहान लहान खणांची. प्रत्येक पुस्तकाचं एक कार्ड, आणि नावाच्या पहिल्या अक्षराप्रमाणे ते त्या त्या खणात. फार पूर्वी कोणी कारकुनाने अंकलिपी समोर धरून क पासून ज्ञ पर्यंत सगळ्या खणांवर अक्षरं चिकटवून टाकली होती. त्यामुळे ‘क’चा खण उघडता उघडत नसे इतका भरलेला, आणि ‘ळ’चा खण साफ रिकामा. ‘ळ’ने सुरू होणारं पुस्तक कोण लिहिणार? बाईंच्या आधी कोणाला हे खटकलं नव्हतं, आणि बाईंनाही खटकलं नाही. रिकामी जागा आहे, कधीतरी कामी येईल, म्हणाल्या. तो खण सगळ्यात खाली, दाराच्या बाजूला होता. त्याचीच ही गोष्ट आहे.

एका एप्रिलमध्ये परीक्षा चालू असताना आमच्या एक शिक्षिका वर्गात पडल्या. ऊन लागलं होतं. तोंडावर पाणी मारा, कांदा हुंगवा, जोडा हुंगवा, सगळं झालं. बावीस शिकलेली माणसं गोल उभी होती आणि एकालाही नेमकं काय करायचं ते माहीत नव्हतं. त्यांना पंख्याने वारासुद्धा कोणी घातला नाही, सगळे वारा अडवून उभे होते. त्या बऱ्या झाल्या. पण बाईंच्या ते मनाला लागलं. मला म्हणाल्या, या कपाटांत ज्ञान भरून ठेवलंय म्हणतो आपण, आणि खालच्या मजल्यावर माणूस मरता मरता वाचतं. मग त्या मोठ्या बाईंकडे गेल्या आणि परवानगी घेऊन आल्या. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर ग्रंथालयात डॉक्टर बोलावून शाळेच्या नोकरांसाठी आरोग्यावर व्याख्यान. मोठ्या बाईंच्या दोन अटी. शाळेला खर्च पडू नये, आणि ‘तसले’ विषय नकोत.

शाळेचे नोकर म्हणजे शिक्षक, असंच सगळ्यांनी धरलं. बाईंनी सूचनावहीत ‘सर्व कर्मचारी’ लिहिलं होतं. तरी आम्ही शिपाई माणसं पहिल्या दिवशी दाराबाहेर उभे राहिलो. बाईंनी दोन बाकं दाराजवळ लावली आणि त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, ही कोणासाठी आणली मी? तेव्हा आत आलो. तरी बाकाच्या टोकावरच टेकलो.

व्याख्यान बसवणं म्हणजे काय, ते सांगते. खुर्च्या लावल्या की झालं असं नव्हे. वाचनाची टेबलं भिंतीला लावायची. भूगोलाच्या खोलीतून नकाशाची घोडी आणायची, डॉक्टर आपले तक्ते आणतात ते टांगायला. नागपूरचा उन्हाळा म्हटला की खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या बांधून त्यांवर पाणी मारायचं. पण पुस्तकांवर थेंब उडता कामा नये, म्हणून कपाटांवर जुन्या चादरी. माठ भरायचा. डॉक्टरांसाठी मोसमात संत्री, एरवी नारळ. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे माणसं थांबवून धरणं. शनिवारी दुपारी शिक्षकाचा जीव घराकडे असतो. त्याला बाईंनी उपाय काढला होता. हजेरीची सही व्याख्यान संपल्यावर घ्यायच्या.

पहिलं व्याख्यान उन्हावर. डॉक्टर पाध्येबाई आल्या. ठेंगण्या, गोऱ्या, बोलणं फटकळ. इतवारीत त्यांचा दवाखाना होता. खिशात कांदा ठेवणारे किती जण, त्यांनी विचारलं. कोणी हात वर करेना. मग कवायतीचे घाटेसर उठले आणि सगळ्यांच्या वाटचा हात त्यांनीच वर केला. ‘मी ठेवतो. वीस वर्षं झाली, मला ऊन लागलं नाही.’

‘बाहेर किती वाजता निघता?’ डॉक्टरबाई.

‘दहाच्या आत कवायत आटोपतो. मग सावलीत.’

‘मग कांदा जेवताना खा. तुम्हाला सावलीनं वाचवलंय.’

खोली हसली. घाटेसरही हसले. पण त्यांनी कांदा काही सोडला नाही. निवृत्त होईपर्यंत त्यांच्या खिशाला वास होता. मात्र सोमवारपासून कवायतीच्या मैदानावर मीठसाखरेच्या पाण्याची बादली दिसू लागली. हे असंच असतं. माणूस आपलं सोडत नाही, पण नवं शेजारी ठेवून घेतो.

त्या पहिल्या दिवशी डॉक्टरबाईंनी शेवटी विचारलं, काही शंका? एकानेही तोंड उघडलं नाही. आणि त्या निघाल्या तेव्हा जिन्यावर पाच जणांनी त्यांना गाठलं, एकेकट्याने. बाईंनी ते वरून पाहिलं. सोमवारी त्यांनी ‘ळ’चा खण बाहेर काढून माझ्याकडून पुसून घेतला. जुन्या बाद कार्डांचा गठ्ठा वर ठेवला, दोरीने पेन्सिल बांधली. ज्याला विचारायचं त्याने कार्डाच्या कोऱ्या बाजूवर लिहावं, नाव घालू नये, खणात टाकावं. व्याख्यानाच्या दिवशी मी खण रिकामा करून कार्डं बशीत घालून बाईंसमोर ठेवायची. बाई एकेक मोठ्याने वाचणार, डॉक्टर उत्तर देणार. मी कार्डं वाचायची नाहीत, असा नियम होता. तो मीच मला घातला होता.

काय काय प्रश्न यायचे! खडूची पूड पोटात गेली तर हाडं मजबूत होतात काय? दिवसभर उभं राहून पायाच्या शिरा निळ्या होतात, त्याला काय करावं? सहामाहीचे पेपर तपासताना छाती धडधडते, ती मुलींच्या उत्तरांमुळे की हृदयामुळे? एकदा बाईंनी एक कार्ड उचललं, मनात वाचलं, ओठ घट्ट मिटले आणि ते पालथं घातलं. मोठ्या बाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पुढे बाईंनी मला दाखवलं, त्यावर लिहिलं होतं, वरिष्ठांच्या आवाजाने डोकं दुखतं, गोळी कोणती घ्यावी?

दर दोन-अडीच महिन्यांनी असा एक शनिवार. डोळे, दात, साखर, रक्तदाब, क्षय. बाईंनी बोलावलेला डॉक्टर कधी नाही म्हणत नसे. आधी त्या त्याच्या दवाखान्यात जाऊन रांगेत बसत, नंबर आल्यावर आत जात, आणि मी आजारी नाही, आमची शाळा आजारी आहे, म्हणत. आणि व्याख्यान झालं की या वहीत नोंद करत. दिनांक, विषय, वक्ते, उपस्थिती. चार रकाने, हिरव्या शाईने.

आता रामाजीचं लिहायला पाहिजे. ते टाळून पुढे जाता येणार नाही.

रामाजी आमचा हेडचपराशी. नरखेडकडचा. घंटा त्याच्या हातात, म्हणून सगळी शाळा त्याच्या हातात. गालात कायम तंबाखू. दातांच्या डॉक्टरांचं व्याख्यान होतं, त्यांनी तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्याचं चित्र घोडीवर टांगलं. रामाजी माझ्या शेजारी बाकावर होता. त्याचा चघळणारा जबडा थांबला. तो उठून बाहेर गेला, थुंकून आला आणि पुन्हा बसला. सगळे गेल्यावर मी चादरी काढत होते तर जवळ आला.

‘कौसल्या, त्या खणात माही बी एक चिठ्ठी टाक ना वं. मले लिहिता नाही येत.’

‘डॉक्टर तर गेले भाऊ. आता पुढच्या खेपेले.’

‘पुढच्या खेपेले मंग. पण तू लिहिजो. मास्तरायले नको सांगू, हासतीन.’

मी हो म्हटलं. पण खरं लिहायचं तर मला ते नको होतं. माझं अक्षर तेव्हा कोंबडीच्या पायांसारखं. शिक्षकांच्या सुंदर कार्डांत माझं कार्ड पडणार, बाई ते उचलणार आणि त्यांना कळणार हे कोणाचं, या लाजेनं मी ते पुढे ढकललं. मध्ये उन्हाळ्याची सुटी आली. रामाजी गावी गेला. जूनमध्ये आला तो एका बाजूने जेवत होता. दिवाळीत त्याचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडेना. संत्र्याचा बहार आला तेव्हा तो नव्हता.

तेव्हा विचारलं असतं तर वाचला असता की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरबाईंना मी कधी विचारलं नाही. पण मी बाईंना सांगितलं. कपाटात कडुनिंबाचा पाला ठेवता ठेवता, त्यांच्याकडे पाठ करून सांगितलं. मागे त्यांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग म्हणाल्या, ‘चूक तुमची एकटीची नाही. मी खण केला तो लिहिता येणाऱ्यांसाठी केला. मला सुचायला हवं होतं.’

दुसऱ्या दिवसापासून दुपारच्या सुटीत त्या मला अक्षर गिरवायला बसवू लागल्या. नव्या कार्डांवर पुस्तकांची नावं मीच लिहायची. आणि सगळ्या शिपायांना त्यांनी सांगितलं, ज्याला लिहिता येत नाही त्याने कौसल्याबाईंकडून लिहून घ्यावं, त्या कोणाला सांगत नाहीत. त्या वर्षापासून मी माझा नियम मोडला. खणातली कार्डं वाचू लागले. पुढच्या व्याख्यानाला दोन महिने असतात, तेवढं थांबणं कोणाला परवडणार नाही असं एखादं असलं तर बाईंना आधी सांगावं म्हणून. दोनतीनदा तसं झालंही, आणि बाईंनी सूचनावहीत लिहिलं, अमुक प्रश्न विचारणाऱ्याने व्याख्यानाची वाट न पाहता डॉक्टर पाध्ये यांना भेटावे. नाव नाही, गाव नाही. ज्याला कळायचं त्याला कळत असे.

मग पुष्कळ वर्षांनी, माझ्या थोरल्याची मॅट्रिक झाली होती तेव्हा, एका शनिवारी शाळा सुटायच्या सुमारास मी खण उघडला. रक्तदाबावर पाध्येबाईंचं व्याख्यान होतं. बारा कार्डं होती. एकावर पेन्सिलीने, मुद्दाम वेडंवाकडं अक्षर काढून लिहिलेलं होतं. छातीत लहान गाठ आहे. दुखत नाही. सहा महिने झाले. दाखवणे आवश्यक आहे काय?

आदल्या दिवसापर्यंत ते खणात नव्हतं, कारण शुक्रवारी संध्याकाळी मी पाहिलं होतं. म्हणजे सकाळीच पडलेलं. मी बाईंना सांगायला गेले तर त्या मोठ्या बाईंकडे होत्या. तेवढ्यात माणसं यायला लागली. म्हटलं, आज तर डॉक्टरबाई स्वतःच येत आहेत, कार्ड वाचलं जाईलच. बारा कार्डं बशीत घातली. ते सगळ्यात वर ठेवलं नाही, मधे ठेवलं, म्हणजे लिहिणारीला फार वाट पाहावी लागू नये आणि एकदम धक्काही बसू नये. व्याख्यान चालू असताना मी सगळ्या बायकांचे चेहरे बघत होते. कोण असेल? मराठीच्या त्या? शिवणाच्या त्या?

बाई कार्डं वाचू लागल्या. सहा झाली. सातवं उचललं. वाचायला तोंड उघडलं, आणि आवाज आला नाही. चष्मा वर केला. ते कार्ड टिपकागदाच्या खाली सरकवलं आणि आठवं वाचलं. त्यांचा आवाज तसाच, शांत. कोणाच्याही लक्षात आलं नाही. मोठ्या बाईंच्या आवाजाचं कार्ड त्यांनी पालथं घातलं होतं तेव्हा ओठ मिटले होते. आज ओठ मिटले नाहीत, पांढरे पडले. त्यावरून मला कळलं, हे कार्ड कोणाचं. बारावं झालं. बाई म्हणाल्या, ‘आजचे प्रश्न संपले.’

डॉक्टरबाई चष्म्याची डबी शोधू लागल्या. घाटेसर सहीच्या वहीकडे निघाले. मी दाराजवळ पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. मला रामाजी दिसत होता. पुढच्या खेपेले मंग, म्हणणारा. खरं सांगायचं तर माझ्यात धीर वगैरे काही आला नाही. तांब्यातलं पाणी माझ्या पायांवर सांडलं, म्हणून मी तो खाली ठेवला, आणि हात रिकामे झाल्यावर तसंच उभं राहता येईना.

‘डॉक्टरबाई, मले छातीत गाठ हाये,’ मी म्हटलं. ‘दुखत नाही.’

बावीसच्या बावीस माना वळल्या. पुरुष होते, मोठ्या बाई होत्या. ‘तसला’ विषय होता.

डॉक्टरबाईंनी डबी खाली ठेवली. ‘किती दिवसांपासून?’

‘सहा महिने झाले.’

‘कोणत्या बाजूला?’

हे कार्डावर लिहिलेलं नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे कार्डाची कोरी बाजू तेवढी होती. सगळी खोली थांबली होती आणि मला डावं-उजवं काही सुचत नव्हतं.

‘डाव्या,’ मोहरीलबाई म्हणाल्या. मान खाली, वहीत नोंद करता करता.

लोकांना वाटलं, आपल्या हाताखालच्या बाईचं दुखणं बाईंना ठाऊक असणारच. डॉक्टरबाईंनी मात्र एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. म्हणाल्या, ‘उद्या रविवार असला तरी दवाखाना उघडते. सकाळी नऊ. एकटीनं यायचं नाही.’

‘मोहरीलबाई येतील माह्यासंगं,’ मी म्हटलं.

त्या दुपारी बाईंनी टेबलं माझ्याबरोबर हलवली नाहीत, तशाच निघून गेल्या. मला वाटलं माझी नोकरी गेली. घरी नवऱ्याला खरं काय ते सांगितलं. तो ताटावरून मान वर करून म्हणाला, ‘तू बोलली? साऱ्यायच्या समोर?’ गाठीचं राहिलं बाजूला, त्याला त्याचंच नवल.

रविवारी पावणेनऊला मी महालात त्यांच्या दाराशी गेले. येतात की नाही माहीत नव्हतं. त्या साडी बदलून ओट्यावर बसलेल्या होत्या. इतवारीपर्यंत सायकलरिक्षा केली. दवाखान्याच्या पायरीवर मी थांबले आणि म्हटलं, ‘बाई, आता तुम्ही जा.’

‘तुम्ही काहून माझ्यासाठी असं केलंत?’ त्या म्हणाल्या. बाईंच्या तोंडून आमच्या बोलीतलं ‘काहून’ मी पहिल्यांदा ऐकलं. ‘लोक काय म्हणतील तुम्हाला?’

‘चिठ्ठी लिहिता येणाऱ्यायची बी राहून जाते बाई,’ मी म्हटलं.

त्या आत गेल्या. मी बाकावर बसले, फार वेळ बसले. बाहेर आल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, वडिलांना बघायला कोणी नाही म्हणून मी सहा महिने गेले नाही. डॉक्टर म्हणतात, आता गेले नाही तर खरंच कोणी राहणार नाही.

मोठ्या दवाखान्यात बाईंचं ऑपरेशन झालं. कॅन्सरच होता. नंतर विजेचा शेक, डॉक्टर किरणं म्हणतात तो. त्या तीन महिने रजेवर होत्या. शाळेत सांगितलं, वडिलांची तब्येत. त्या तीन महिन्यांत शाळेच्या हिशेबी गाठ माझीच होती. मी दिवसा त्यांचं ग्रंथालय सांभाळायची आणि संध्याकाळी त्यांच्या वडिलांना भाकर करून द्यायची. आणि शाळेत एकेक बाटली दिसायला लागली. सगळे शिक्षक माझ्या हातचं माठाचं पाणी प्यायचे, ते घरून पाणी आणू लागले. बारा वर्षं आरोग्याची व्याख्यानं ऐकलेली माणसं होती ती. असा रोग शिवल्याने लागत नाही हे त्यांनी कानांनी ऐकलं होतं, हातांना अजून कळलं नव्हतं. एकटे घाटेसर रोज यायचे, तांब्या मागायचे आणि सगळ्यांसमोर दोन भांडी प्यायचे. खिशात कांदा होताच. म्हणायचे, ‘मला काय होतंय.’ कांद्याबद्दल मी त्यानंतर त्यांना कधी हसले नाही.

वाईट वाटलं का? वाटलं. पण खोटं मीच बोलले होते, ते मलाच वागवायचं होतं.

बाई परत आल्या त्या बारीक होऊन. पहिल्याच शनिवारी त्यांनी व्याख्यान ठेवलं, पाध्येबाईंचंच, आणि विषय फळ्यावर स्वतः लिहिला. स्तनांचा कर्करोग. मोठ्या बाईंनी वाचला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पहिल्या रांगेत बसल्या. डॉक्टरबाई उठायच्या आधी बाई उभ्या राहिल्या. व्याख्यानांत त्या स्वतः कधी बोलत नसत, कार्डं वाचायच्या तेवढ्या.

म्हणाल्या, ‘मागच्या वेळी कौसल्याबाईंनी जे विचारलं, तो माझा प्रश्न होता. गाठ मला होती. मी तो लिहिला आणि वाचू शकले नाही. त्यांनी तो आपल्या अंगावर घेतला. तीन महिने तुम्ही त्यांच्या हातचं पाणी प्यायला नाहीत, असं कळलं. मला तहान लागली आहे.’ आणि माझ्याकडे वळल्या. ‘कौसल्याबाई, पाणी द्या.’

मी दिलं. मग एकेक उठलं. माठ त्या दिवशी दोनदा भरावा लागला. मला वर बघवेना, मी नुसती भांडी भरत होते. शेवटी डॉक्टरबाईंनी शंका विचारल्या तर चार बायका उठून तोंडाने बोलल्या, पुरुष बसलेले असताना. ‘ळ’चा खण पुढेही राहिला, बाईंनी तो बंद केला नाही. सगळ्यांनाच उभं राहता येत नाही, म्हणाल्या.

त्यानंतर बाईंनी अकरा वर्षं नोकरी केली, वडिलांना शेवटपर्यंत सांभाळलं, आणि निवृत्त झाल्यावरही बरीच वर्षं जगल्या. म्हातारपणानेच गेल्या. मी दर रविवारी जात असे. आम्ही त्या शनिवारबद्दल कधी बोललो नाही. बोलायला मला येत नाही, आणि त्यांना गरज वाटत नसावी.

ही वही रद्दीत निघाली तेव्हा मी ती पहिल्यांदा नीट वाचली. हिरव्या शाईचे चार रकाने. वक्ते या रकान्यात खाली खाली डॉक्टर, डॉक्टर, डॉक्टर. त्या रक्तदाबाच्या शनिवारपाशी आले. तिथे पाध्येबाईंच्या नावाखाली आणखी एक ओळ आहे. नोंद करताना बाईंची मान खाली होती, ते मला आठवतं. तेव्हाच लिहिलं असेल. कौसल्या पौनीकर, ग्रंथालय परिचर.

मी त्या दिवशी एकंदर चार वाक्यं बोलले होते. त्यातली तीन खोटी होती. चौथं, बाई माझ्यासोबत येतील हे, मी बोलले तेव्हा मलाही माहीत नव्हतं खरं की खोटं. ते बाईंनी खरं केलं.